किराणा सहकारी दुकानाचं सभासद व्हावं का? अर्ज भरलाय, सही राहिली आहे

कोरा_कागद

नमस्कार मंडळी,

आमच्या वस्तीत सभासदांच्या मालकीचं किराणा दुकान सुरू होऊन आठ महिने झाले. शेजारच्या काकू पहिल्या दिवसापासून त्यात आहेत. गेले दोन महिने भेटल्या की त्यांचा एकच प्रश्न, "दिलास का गं अर्ज?" अर्ज भरून टेबलावर ठेवलाय, सही तेवढी केलेली नाही.

मला समजलं ते असं. प्रवेश फी भरायची, ती परत मिळत नाही. किमान पाच भाग (शेअर) घ्यायचे, एकरकमी जमत नसेल तर दहा हप्त्यांत. दर चार आठवड्यांनी तीन तास दुकानात काम करायचं. माल लावणं, सुटा माल तोलून पाकिटं भरणं, गल्ल्यावर बसणं, त्या दिवशी वाट्याला येईल ते. वर्षाअखेर काही उरलं तर ज्याची जेवढी खरेदी त्या प्रमाणात परतावा. आणि भाग पाच असोत की पन्नास, सभेत मत एकच.

दोन शनिवार मी वही घेऊन भाव उतरवले. माझ्या घरी लागणाऱ्या ३१ वस्तू धरल्या. त्यातल्या १२ तिथे स्वस्त, ९ जवळपास सारख्या आणि १० चक्क महाग. मिस्टर म्हणाले, "सामानच आणायचंय ना, मग मालक कशाला व्हायचं?" मला त्यावर धड उत्तर देता आलं नाही. शिवाय माझी नोकरी पाळ्यांची, तीन तासांची पाळी चुकली तर काय? आणि दुकान उद्या बंद पडलं तर भागाचे पैसे गेलेच का?

तरीही सही करावीशी वाटते, त्याचं कारण काकू. गेल्या सभेच्या नोटिशीवर त्यांनी एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती: नवीन फ्रीज घेण्याबाबत. आणि सभेत उभं राहून विचारलं की जुन्याचं दार नीट लागत नाही म्हणून नवा घेताय, की खरंच जागा पुरत नाही? ज्या बाईंना मी वीस वर्षांत घरातल्या चार माणसांपुढेही आवाज चढवताना ऐकलेलं नाही, त्या! दाराचं रबर बदललं आणि फ्रीजची खरेदी पुढे ढकलली. हे मला त्यांनी चहा घेताना इतक्या साधेपणानं सांगितलं की मी कप हातात धरून तशीच बसले.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. सही करण्याआधी काय बघू?

---

भरवसा

करा सही. आम्ही चौथ्या वर्षात आहोत. सुरुवातीला महाग वाटलेल्या वस्तू सभासद वाढल्यावर खाली आल्या, कारण घाऊक व्यापारी पोत्यांच्या संख्येवर भाव देतो. मात्र हिशेब कोण लिहितं आणि कोण तपासतं ते आधी विचारा. दोन्ही एकच माणूस असेल तर थांबा.

---

त्रैराशिक

कोरा_कागद, तुम्ही वही घेऊन भाव उतरवलेत हे फार चांगलं केलंत. मी अशाच एका संस्थेत अकरा वर्षं सभासद आहे, त्यातली सहा वर्षं खजिनदार होते. त्यामुळे जरा लांबण लागेल, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

त्या १० महाग वस्तू पुन्हा एकदा बघा. बहुतेक त्या अशाच असतील ज्यांचे भाव सगळ्यांच्या तोंडपाठ असतात. मोठी दुकानं नेमक्या त्याच वस्तू खरेदीच्या भावात, कधी तोटा सोसूनही विकतात. त्या पाहून माणूस आत येतो आणि बाकीच्या शंभर वस्तूंवर ते वसूल होतं. सभासदांच्या दुकानात हा खेळ खेळायचा तर कोणाविरुद्ध? गिऱ्हाईकही आपणच आणि मालकही आपणच. म्हणून एकेका वस्तूचा भाव न बघता महिन्याच्या पूर्ण यादीची बेरीज करून बघा. आमच्याकडे ती बेरीज सुरुवातीला बाहेरच्या बरोबरीची होती, पुढे थोडी खाली आली. थोडीच.

कारण या धंद्यात उरतच किती कमी! आमच्या एका बऱ्यापैकी वर्षाचा हिशेब सांगते. शंभराची विक्री धरा. त्यातले ७८ माल आणण्यात गेले. पगार ११. भाडं आणि वीज मिळून ६. घट आणि नासाडी २. वाहतूक, छपाई, बँक यांत १. उरले २. त्या दोनातला काही भाग राखीव निधीत टाकायचा आणि मग परतावा. म्हणजे घरटी वर्षाची खरेदी शंभर असेल तर हातात दीड येईल, एखाद्या वर्षी काहीच नाही. परताव्यासाठी सभासद होणारे आमच्याकडे दुसऱ्या वर्षी दिसेनासे झाले, आणि त्यांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी हे आकडे आधी दाखवलेच नव्हते.

आता मिस्टरांच्या प्रश्नाबद्दल. मालक कशाला व्हायचं, याचं उत्तर मला एका पोत्यानं दिलं.

माझं खजिनदारकीचं तिसरं वर्ष. वर्षाअखेरची साठामोजणी आम्ही रात्री दुकान बंद झाल्यावर करायचो, एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं, मग अदलाबदल. सुट्या मालात सलग दोन वर्षं तूट निघत होती. कधी चोरीची कुजबुज, कधी उंदरांचा संशय, बहुतेक वेळा "सांडलवंड होतेच" म्हणून सोडून दिलेलं. व्यवस्थापक बिचारा रडकुंडीला आलेला, कारण बोट त्याच्याकडे जात होतं. मग एका बुधवारी पाकिटं भरायच्या पाळीवर एक निवृत्त गृहस्थ आले. आयुष्य शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून गेलेलं. त्यांनी पन्नास किलोचं पोतं फोडलं, एक किलोची पाकिटं भरली आणि मोजली. एकोणपन्नास. तळाशी उरलं चारशे ग्रॅमच्या आसपास. ते सरळ माझ्याकडे आले. "ताई, पन्नास व्हायला हवीत. जमिनीवर दाणा सांडलेला नाही, मी झाडून बघितलं." दुसरं पोतं फोडलं, पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी ते घरून पितळी वजनाची पेटी घेऊन आले. काट्यावर एक किलोचं वजन ठेवलं. काटा दाखवत होता ९८८ ग्रॅम. म्हणजे काटा १००० दाखवेपर्यंत आम्ही प्रत्येक पाकिटात १२ ग्रॅम जास्त भरत होतो. दोन वर्षं! एका पाकिटाला १२ ग्रॅम म्हणजे काय, चिमूटभर. पण सुट्या मालावर शंभराच्या विक्रीमागे जवळपास एक होतं ते. उरतात दोन, त्यातलं एक काट्यानं खाल्लं होतं. व्यवस्थापकाची मी त्याच दिवशी माफी मागितली, आणि पुढच्या सभेत सगळ्यांसमोर इतिवृत्तात नोंदवायला लावली.

त्या गृहस्थांचे पाचच भाग होते. पण तळाशी उरलेला माल त्यांना आपला वाटला, म्हणून त्यांनी पाकिटं मोजली. तुमच्या काकूंनी फ्रीजचं रबर बघितलं ते ह्याच नजरेनं.

ही नजर जुनी आहे. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी २८ जणांनी, त्यात बरेच विणकर, प्रत्येकी एक पाउंड जमवून टोड लेनवर दुकान काढलं आणि २१ डिसेंबरला दार उघडलं. त्या काळी गिरणी कामगाराला भेसळीचा माल आणि खोटं माप हे रोजचंच होतं, आणि उधारीच्या वहीनं माणूस एकाच दुकानाला बांधला जायचा. म्हणून यांचा आग्रह शुद्ध मालाचा, पुरत्या मापाचा आणि रोखीचा. उधारी नाही म्हणजे नाही. एका माणसाला एक मत आणि खरेदीच्या प्रमाणात परतावा या तुमच्या अर्जावरच्या दोन्ही गोष्टी त्यांनीच रुळवल्या.

पण नुसती माणसं जमवून दुकान चालत नाही, तेही सांगायला हवं. अमेरिकेत बर्कलीची ग्राहक सहकारी संस्था होती, भरभराटीच्या काळात सभासद एक लाखाहून जास्त. ती १९८८ मध्ये बंद झाली. सभासद म्हणवणारे किती हा आकडा मला म्हणूनच फारसा काही सांगत नाही. गेल्या महिन्यात त्यातल्या किती जणांनी खरेदी केली, हा विचारा. आणि गेल्या सभेला किती जण आले. दोन्ही आकडे समितीनं तोंडावर सांगितले तर ती समिती जागी आहे.

भागाच्या पैशांबद्दल: भाग ही ठेव नव्हे. ते पैसे बँकेत पडून नसतात, त्यांचे रॅक, काटे, फ्रीज आणि पहिला माल झालेला असतो. दुकान बंद पडलं तर आधी देणेकऱ्यांचं देणं फिटतं, उरलं तर सभासदांचं. मात्र जबाबदारी मर्यादित असेल तर नुकसान तुमच्या भागांपुरतंच, घरादाराला त्याची झळ लागत नाही. पोटनियमांत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत, 'मर्यादित' हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आणि संस्था सोडताना सहसा भागाची दर्शनी रक्कम, म्हणजे भरली तेवढीच, मिळते, राखीव निधीतला वाटा मिळत नाही. तो निधी पुढच्या सभासदांसाठी असतो. मला यात काही वावगं वाटत नाही, पण सही करण्याआधी माहीत असावं.

---

उंबरठा

वरच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडतो. बदली झाली म्हणून मी एका संस्थेतून बाहेर पडलो. भागाचे पैसे मिळायला दोन वर्षं दोन महिने लागले. मी फार चिडलो होतो, दोन वेळा तर समितीच्या सचिवांना नको ते बोललो. मग त्यांनी पोटनियमाची प्रत पुढे ठेवली. एका वर्षात एकूण भागभांडवलाच्या ठरावीक हिश्श्यापेक्षा जास्त परत करायचं नाही, अर्ज येतील त्या क्रमानं द्यायचं. माझा क्रमांक सदतिसावा होता.

नियम बरोबरच आहे. सगळ्यांनी एकदम पैसे मागितले तर रॅक विकावे लागतील. पण सभासद होताना हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही वाचलं नाही. घरात ज्या पैशांची दोन वर्षांत गरज पडेल असं वाटतं, ते यात घालू नका.

---

रातपाळी

पाळ्यांच्या नोकरीबद्दल मी सांगते, मी रुग्णालयात परिचारिका आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. सहकाराची जी सात तत्त्वं आंतरराष्ट्रीय सहकारी संघानं १९९५ मध्ये मँचेस्टरला नव्यानं मांडली, त्यांत दुकानात राबण्याची अट कुठेही नाही. खुलं सभासदत्व, लोकशाही कारभार, सभासदांचा आर्थिक सहभाग, स्वायत्तता, शिक्षण, संस्थांचं आपसातलं सहकार्य आणि समाजाची काळजी, एवढंच. पुष्कळ संस्था पगारी माणसांवर चालतात. पाळीची अट ही त्या त्या संस्थेची निवड असते. न्यूयॉर्कमधल्या पार्क स्लोपच्या दुकानात १९७३ पासून सभासद काम करतात, एक पाळी पावणेतीन तासांची, आणि सभासद पंधरा हजारांच्या वर. म्हणजे जमवलं तर जमतं. पगाराचा बोजा कमी होतो, हा त्यातला सरळ फायदा.

आमच्याकडे पाळी चुकली तर बदल्यात दोन कराव्या लागतात. पहिल्या वर्षी माझ्या नावावर सहा पाळ्या साठल्या आणि मला दुकानात तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. खरेदीलाही जाईना. शेवटी वेळापत्रक लावणाऱ्या ताईंनी फोन करून विचारलं, "तुला पहाटे चालेल का?" रात्रपाळी संपली की सकाळी सहाला माल उतरवून घ्यायचं काम. गाडी येते, चलन म्हणजे मालाच्या यादीचा कागद हातात घ्यायचा, नग मोजायचे, फुटलेलं-भिजलेलं बाजूला काढून चलनावरच लिहायचं आणि मग सही. तासाभरात आटपतं, उरलेले दोन तास माल लावायचा. गेली तीन वर्षं मी तेच करते. तेव्हा अर्ज देतानाच तुमच्या पाळ्या सांगा आणि बदली माणूस देण्याची सोय आहे का विचारा. घरातल्या दुसऱ्या कुणी तुमच्याऐवजी आलेलं चालतं का, तेही.

---

कोरा_कागद

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकूंकडून पोटनियमांची प्रत आणली आणि रात्री जागून वाचली.

'मर्यादित' शब्द आहे, पहिल्याच पानावर. भाग परत मागायचे तर सहा महिने आधी सूचना, आणि वर्षाला एकूण भागभांडवलाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच परतफेड. उंबरठा, तुमचं वाचलं नसतं तर मी ही ओळ अशीच ओलांडली असती. चुकलेल्या एका पाळीला दोन, पण आजारपण, बाळंतपण आणि सत्तरीपुढच्यांना सूट. घरातला अठरा वर्षांवरचा कोणीही बदली चालतो. हे वाचून मिस्टर म्हणाले, "म्हणजे मलाच पाठवशील." पण नाही म्हणाले नाहीत.

एक कलम खटकलं. सभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, एक पंचमांश. तो भरला नाही तर अर्धा तास थांबून आहेत तेवढ्यांत सभा घ्यायची. म्हणजे सात माणसं मिळून सगळं ठरवू शकतील?

आकडेही विचारले. सभासद २१२. गेल्या सभेला ४६ हजर. गेल्या महिन्यात खरेदी करणारे १३१. समितीच्या बाईंनी आकडे लगेच वहीत बघून सांगितले. हिशेब एक जण लिहितो, दर महिन्याला दुसरे दोघे तपासतात.

---

त्रैराशिक

अर्ध्या तासाचं कलम बहुतेक संस्थांत असतं, नाहीतर कोरमअभावी सभाच होऊ नयेत. त्याची भीती बाळगू नका, त्यावर लक्ष मात्र ठेवा. २१२ चा पाचवा हिस्सा म्हणजे ४३, आले ४६. चार माणसं घरी राहिली असती तर तुमची शंका खरी ठरली असती. काकू त्या चौघांपैकी एक आहेत असं समजा.

मला काळजी वाटते ती १३१ ची. २१२ मधून १३१ गेले की ८१ राहतात. ८१ घरांनी भाग घेतले आणि महिनाभरात एक पुडीही नेली नाही. आठ महिन्यांच्या दुकानाला हे फार आहे. भाडं आणि वीज ठरलेली असते, ती विक्री कमी झाली म्हणून कमी होत नाही. दुकानं तोट्यात जातात ती बहुधा अशीच, हळूहळू. आमच्याकडे असं झालं तेव्हा आम्ही सहा जणांनी घरं वाटून घेतली आणि नुसतं विचारायला गेलो, येत का नाही म्हणून. रागवायला नाही. निम्म्या लोकांचं उत्तर एकच निघालं: संध्याकाळी साडेसातला दुकान बंद होतं आणि आम्ही घरी पोचतो आठला. वेळ नऊपर्यंत केली, सकाळची दोन तासांनी उशिरा सुरू केली. जवळपास तीस घरं परत आली. एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं होतं.

तुमचं विचाराल तर, सही करा. भाग पाचच घ्या, जास्त नको. आणि ज्या १२ वस्तू स्वस्त नि ९ सारख्या आहेत, त्या २१ पुढच्या महिन्यापासून सगळ्या तिथूनच आणा. दहा महाग वस्तूंची यादी समितीला द्या, मागे प्रत्येकाचा बाहेरचा भाव लिहून. खरेदी बघणाऱ्याला अशी यादी मिळणं म्हणजे काय, ते मला विचारा. आम्ही अशा कागदांची वाट बघायचो.

---

कोरा_कागद

सही केली. दहा हप्ते. यादी नीट कागदावर उतरवली आहे, मागे भाव. पहिली पाळी येत्या शनिवारी, काकूंच्या बरोबरच, पाकिटं भरायची. काट्यासाठी प्रमाणित वजन आहे का, ते गेल्या गेल्या विचारणार आहे.

---

त्रैराशिक

एक किलोचं आणि पाच किलोचं, दोन्ही ठेवून बघा. लहान वजनाला बरोबर दाखवणारा काटा कधी कधी मोठ्याला चुकतो. आणि काटा सपाट जागेवर आहे ना, पंख्याखाली नाही ना, ते आधी. दाखवलेले आकडे तारखेसह भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे पुढच्या पाळीवाल्याला कळेल.